जिम करून भर उन्हात गाडी चालवली की चक्कर, मळमळ, अंगावर काटा... नेमकं काय होतंय?

सेकंडशिफ्ट_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहतो, वय २७, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, शिफ्ट दुपारची. रात्री घरी यायलाच साडेअकरा होतात, जेवून झोपायला दीड, त्यामुळं पहाटे जिम वगैरे आपल्याकडून होत नाही. मग वेळ धरलीय दहा ते साडेअकरा, तेव्हा गर्दी पण नसते. जिम तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा, दोन फॅन आणि एक कूलर, जो ट्रेनरच्या टेबलाकडं तोंड करून असतो.

हिवाळ्यात सगळं मस्त चाललं होतं. मार्चमध्ये घरात लग्न होतं म्हणून गॅप पडला, एप्रिलमध्ये परत चालू केलं ते एकदम सर्किट ट्रेनिंग, म्हणजे बर्पी, जंप स्क्वॉट, दोरीच्या उड्या, मध्ये अर्धा मिनिट रेस्ट की परत पहिल्यापासून. जिममध्ये काहीच त्रास होत नाही हे आधी सांगतो, उलट भारी वाटतं. त्रास होतो नंतर. कपडे बदलून लगेच गाडीवर बसतो, भर बाराच्या उन्हात अर्धा तास, आणि आसरा चौकाच्या आसपास आलो की कानात घूं करायला लागतं, डोळ्यापुढं अंधारी, तोंडाला पाणी सुटतं आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ४२-४३ च्या उन्हात अंगावर काटा येतो, थंडी वाजल्यागत. परवा कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसलो आणि तिथंच उलटी झाली. रात्रीपर्यंत डोकं ठणकत होतं, झोपेत पोटरीत गोळे.

लेग डे (पायाच्या व्यायामाचा दिवस) असला की हमखास होतं, बाकी दिवशी कमी. मेडिकलमध्ये बीपी बघितलं तर १०० बाय ६४, शुगर नॉर्मल. आई म्हणते ऊन लागलंय, मित्र म्हणतो विकनेस आहे प्रोटीन वाढव, ट्रेनर म्हणतो बॉडी ॲडजस्ट होतेय, आठवड्यात सेट होईल. जिमच्या आधी फक्त ब्लॅक कॉफी आणि एक स्कूप प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर), जेवण डायरेक्ट कंपनीत दोन वाजता. पाणी भरपूर पितो, जिम संपली की दीड-दोन लिटर एका दमात. कुणाला असं झालंय का? ऊन म्हणायचं का व्यायाम म्हणायचं का हार्टचं काही?

कुंभारवेस_बॉय
काय बे, पत्र्याखाली बर्पी मारतोस, उपाशीपोटी, वरून भर बाराला गाडी हाणतोस आणि आम्हाला विचारतोस काय होतंय 😂 सोलापुरात मे महिन्यात दुपारी कुत्रं पण गाडीखालून बाहेर येत नाही. खिशात कांदा ठेव आणि डोक्याला पंचा बांध, आमचे आजोबा ऐंशीपर्यंत असंच हिंडले.

फिटनेस_हॉटगीरोड
मी स्वतः ट्रेनर आहे. पहिली गोष्ट, सर्किट झालं की तू थांबतोस कसा? म्हणजे शेवटचा राउंड मारला आणि बेंचवर बसलास किंवा डायरेक्ट खाली पार्किंगला, असं असेल तर चक्कर येणारच. पायाच्या व्यायामात रक्त सगळं पायात उतरलेलं असतं, पाय हलत असतात तोवर पोटऱ्या ते वर ढकलत राहतात, एकदम थांबलास की ढकलणारं कुणी उरत नाही, बीपी पडतं. लेग डेलाच जास्त होतंय हे त्यामुळंच. शेवटी दहा-बारा मिनिटं नुसतं चाल, ट्रेडमिलवर नाहीतर हॉलमध्ये फेऱ्या मार, श्वास जाग्यावर आला, घाम थांबत आला की मग बाकीचं.

दुसरं म्हणजे गॅपनंतर जुन्याच लोडवर गेलायस. महिना गेला की निम्म्यावरनं चालू करायचं असतं. तुझ्या ट्रेनरबद्दल बोलत नाही, पण बॉडी ॲडजस्ट होतेय हे उलटी झालेल्या माणसाला सांगायचं वाक्य नाही.

प्री-वर्कआउटबद्दल मात्र मी दोष देणार नाही, प्रमाणात घेतलं तर काही होत नाही.

नाईटड्युटी_मेडिसिन
मेडिसिनला आहे, सध्या उन्हाळ्याच्या केसेस रोज बघतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथं बसून निदान करता येत नाही, तपासणी करूनच घे, पण तू जे लिहिलंयस त्यात बऱ्यापैकी ओळखीचं चित्र दिसतंय.

आपण व्यायाम करतो तेव्हा स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता म्हणून बाहेर पडते. जोरात सर्किट मारलं की आतलं तापमान ३७ वरून ३८.५, ३९ पर्यंत सहज जातं, आणि ते व्यायाम थांबला म्हणून लगेच खाली येत नाही. घाट चढून आलेली गाडी बंद केली तरी इंजिनला हात लावता येत नाही, तसंच. निवायला वेळ लागतो, आणि तू नेमका तोच वेळ ४३ च्या उन्हात काढतोयस. त्वचेचं तापमान असतं ३५ च्या आसपास, बाहेरची हवा त्यापेक्षा गरम असली की हवेकडून उष्णता उलटी अंगात येते, गाडीवर लागतो तो वारा पण गरमच. मग शरीराकडं थंड व्हायला एकच रस्ता राहतो, घाम वाळणं. आणि घामाचं पाणी तर तू पत्र्याखालीच सांडून आलायस, अशा जागी तासाला लिटर-दीड लिटर जाणं काही विशेष नाही.

आता रक्ताचं बघ. अंग थंड करायला कातडीकडं रक्त पाठवायचं, पायाच्या नसा व्यायामामुळं आधीच फुगलेल्या, पाणी कमी झाल्यामुळं एकूण रक्तच कमी, आणि तू सिग्नलला पाय टेकवून गप्प बसलेला. मेंदूच्या वाट्याला कमी येतं. अंधारी, कानात घूं, मळमळ हे त्यातनं. काटा येणं, थंडी वाजल्यासारखं होणं हे उष्णतेनं थकवा आल्यावर बऱ्याच जणांना होतं, त्यावरून ताप नाही किंवा गार पडतोय असं समजून चादर गुंडाळू नका. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ऊन का व्यायाम, तर दोन्हीच्या मधला वेळ. व्यायाम झाला आणि तासभर सावलीत निवलास तर कदाचित काही होणार नाही, नुसतं गाडीवरनं गेलास तरी होणार नाही. एकाला लागून दुसरं आलं की भरतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे उष्माघात, आणि तिथं एक गैरसमज फार आहे. लोक म्हणतात घाम थांबला, कातडी कोरडी पडली तर उष्माघात. म्हाताऱ्या माणसाला घरात बसून जो होतो त्यात असं दिसतं बऱ्याचदा. तरुण माणसाला व्यायामानंतर जो होतो त्यात अंग घामानं चिंब असू शकतं. बघायचं ते डोकं. बरळतोय, विचारलं त्याचं भलतंच उत्तर देतोय, चिडतोय, झोकांड्या जातायत, फिट आली, बेशुद्ध पडला, की तो उष्माघात समजूनच चालायचं. आतलं तापमान ४० च्या (म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या) वर गेलेलं असतं आणि कपाळाच्या थर्मामीटरवर ते ९९-१०० फॅरेनहाइट असं फसवं दिसू शकतं, त्यामुळं आकड्याची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा, आणि गाडी येईपर्यंत नुसतं थांबायचं नाही, तिथंच थंड करायला सुरुवात. सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. टब असेल तर मानेपर्यंत गार पाण्यात बसवणं सगळ्यात भारी, फक्त डोकं धरून ठेवायचं. पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही, हा तो ताप नव्हे. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

तुझ्याबाबतीत मला अजून दोन गोष्टी हव्यात. एक, चक्कर कधी व्यायाम चालू असताना आली का? थांबल्यावर येणारी बहुतेक वेळा बीपीची असते, पण चालू असताना धाडकन पडणं, छातीत दुखणं, धडधड, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय परत जिम नाही. दोन, लघवीचा रंग कसा असतो त्या दिवशी?

भरती_१६००
लघवीच्या रंगाचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचत होतो. मी पोलिस भरतीची तयारी करतो. आमच्या बॅचला गेल्या उन्हाळ्यात एक पोरगं नवीन आलं होतं, मोहोळ साइडचं, शेतातलं काम केलेलं, तब्येतीनं आमच्यापेक्षा दांडगं. पहिल्याच आठवड्यात उशिरा आला म्हणून त्याला बैठका मारायला लावल्या, किती ते मोजलं पण नाही कुणी, आणि वर १६०० मीटर धावायचे दोन राउंड. ग्राउंडला तेव्हा दहा वाजून गेलेले. त्यादिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना, मांड्या लाकडासारख्या, आम्ही हसलो, सगळ्यांचं होतं म्हटलं. त्यानं रूममेटकडून दुखायची गोळी घेतली, दोनदा. तिसऱ्या दिवशी म्हणाला लघवी काळ्या चहासारखी होतेय. तेव्हा कुठं सरांनी नेलं त्याला.

स्नायू फुटून त्यातलं काहीतरी रक्तात येतं आणि किडनीत अडकतं असं डॉक्टरनी सांगितलं. सलाईनवर होता आठवडाभर, डायलिसिस लागलं नाही नशिबानं. आता बरा आहे, पण त्या वर्षीची भरती गेली. तर भावा तुझं लेग डे, गॅप आणि ऊन तिन्ही जुळतंय, लघवी बघच.

नाईटड्युटी_मेडिसिन
@भरती_१६०० अगदी बरोबर लिहिलंस. ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. सवय नसताना एकाच स्नायूवर भरमसाठ मारा, पाणी कमी, ऊन, असं एकत्र आलं की होतं. त्यात त्या दुखायच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, किडनीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असताना या गोळ्या तो अजून कमी करतात. व्यायाम आणि ऊन झालेल्या दिवशी अंग दुखतंय म्हणून या घ्यायच्याच नाहीत. रक्तात सीपीके (स्नायू फुटले की वाढतं ते) आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चाललीय का ते सांगणारं) बघितलं की कळतं, फार महाग टेस्ट नाही.

@फिटनेस_हॉटगीरोड कूल-डाउनचं, म्हणजे शेवटी चालत हळूहळू थांबायचं, तुमचं सगळं मान्य. प्री-वर्कआउटचं नाही. एका स्कूपमध्ये दोन-तीन कप कॉफीएवढं कॅफिन असतं बऱ्याच पावडरींत, वरून हा ब्लॅक कॉफी पण घेतोय. थकवा जाणवत नाही म्हणून माणूस जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबत नाही, हा खरा धोका. उन्हाळ्यात तरी बंद.

पन्हंवाली_काकू
बाळा आधी उपाशीपोटी ती काळी कॉफी बंद कर बघू. आमच्याकडे ह्यांना पण अशीच चक्कर यायची, ते साइटवर असायचे. सकाळी निघताना अर्धी भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक एवढं तरी पोटात पाहिजेच. ज्वारीची आंबील करून ठेव म्हणावं आईला, रात्री पीठ भिजवायचं, सकाळी शिजवून गार झाली की ताक, मीठ, जिरं घालायचं, तांब्याभर प्यायची, जिमला जायच्या तासभर आधी. जड होत नाही आणि तहान पण लागत नाही. आल्यावर कैरीचं पन्हं, त्यात मीठ नीट घाल, नुसतं गोड करून उपयोग नाही. आणि घाम आलेल्या अंगावर गार पाणी घेऊ नको हं, सर्द-गरम होतं, ते डॉक्टर म्हणतायत बर्फ लावा ते मला नाही पटलं, आमच्या शेजारच्या माणसाला तसंच लकवा झाला होता.

नाईटड्युटी_मेडिसिन
काकू, आंबील आणि पन्हं दोन्ही एक नंबर, मी स्वतः ड्युटीला बाटलीत भरून नेतो. गार पाण्याचं मात्र ऐका. उष्माघातात मेंदू, लिव्हर, किडनी किती वाचणार हे किती मिनिटांत अंग खाली आणलं यावर ठरतं, पहिल्या अर्ध्या तासात ४० च्या खाली आणायचं असतं. सर्द-गरम होईल म्हणून ओला रुमाल कपाळावर ठेवून पेशंटला रिक्षात घालून तासाभरानं आणतात, तेव्हा आमच्या हातात काही राहत नाही. लकव्याचा आणि याचा संबंध नाही, त्यांचं बीपी वाढलेलं असणार. आपल्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी येतं म्हणून घरोघरी बॅरल भरलेले असतात ना, त्यातला एक त्यादिवशी रिकामा झाला तर होऊ द्या.

सेकंडशिफ्ट_सोलापूर
एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. व्यायाम चालू असताना कधीच चक्कर नाही, छातीत पण नाही, घरात तसं कुणी गेलेलं नाही. लघवीचं खरं सांगायचं तर मी लक्षच दिलं नव्हतं, त्यादिवशी पिवळी गडद होती हे नक्की, चहासारखी होती का ते कंपनीच्या टॉयलेटमध्ये लाइट असतो कुठं. आणि हो, दुपारी दोनला गेलो ते पुढं रात्री नऊलाच.

दुखायची गोळी मी पण घेतलीय, दोन-तीनदा, पोटरीसाठी. उद्या सकाळी दाखवतोच.

पण पाण्याचं कळेना. मी तर दोन लिटर पितो की, मग पाणी कमी पडलं कसं? आणि मिठाची गोळी मिळते म्हणे मेडिकलला ती घेऊ का? ट्रेनरला विचारलं तर म्हणाला ओआरएसचा टेट्रा पॅक घे, ऑरेंज फ्लेवर.

नाईटड्युटी_मेडिसिन
दोन ते नऊ लघवी नाही म्हणजे पाणी पुरत नाहीये, दुसरा पुरावा नको. घाम गेला दहापासून, आणि तू भरपाई करतोस साडेअकराला एका दमात, त्यातलं बरंचसं पोटात डुचमळत राहतं आणि उलटीला मदत करतं. दुसरं म्हणजे घामात मीठ पण जातं, नुसतं पाणी भसाभस पिऊन रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्यानं पण डोकं दुखतं, मळमळतं, फार झालं तर फिट येते. म्हणजे कमी पिणं वाईट आणि वेड्यासारखं पिणं पण वाईट.

सोपी पद्धत सांगतो. जिमच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन कर. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. पुढच्या दोन-तीन तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट हळूहळू भरून काढ, काही जेवणातनं, काही ताकातनं. जास्त घाम गेला असेल तर ओआरएस, तो पण पावडरचा, ज्याच्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय तो. मोठं पाकीट एक लिटरला असतं, ते ग्लासभर पाण्यात घालायचं नाही आणि लिटरच्या पाकिटात दोन लिटर पाणी पण नाही. टेट्रा पॅकमधली बरीचशी नुसती गोड पेयं असतात, नावावर जाऊ नको, मागं साखर किती ते वाच. घरी करायचं तर लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. मिठाची गोळी नको, पोट ढवळतं.

आणि प्रत्येकाला लघवी बघायला लाइट नसतो हे मान्य 😄 पण मोबाइलला टॉर्च असतो.

लूमवाले_मामा
मी पस्तीस वर्षं लूमवर काढली. पोरांनो तुमचं ते पत्रा आणि फॅन वाचून हसू आलं. आमच्या शेडला खिडक्या बंद ठेवायचो, कोरडा वारा आला की सूत तुटतं, त्यामुळं आत गरम आणि वर दमट, अंगावरचा घाम वाळायचाच नाही. बाहेर ४२ असलं तरी दारात आलं की गार वाटायचं. पण एक सांगतो, रोजचा माणूस कधी पडायचा नाही. पडायचा तो नवा, गावाकडनं आलेला, नाहीतर मग जत्रेला, लग्नाला पंधरा दिवस गावी जाऊन परत आलेला. आमचे जुने मुकादम असल्याला पहिला आठवडा अर्धी पाळीच देत, कांड्या भरायला बसवत, लूम देत नसत. कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं त्यांना.

नाईटड्युटी_मेडिसिन
मामा, मुकादमांनी जे केलं तेच आमच्या पुस्तकात आहे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. आणि ती सवय दोन-तीन आठवडे गेलं नाही की मोडते. मूळ पोस्टवाल्यानं मार्चचा गॅप घेतला आणि एप्रिलला थेट पूर्ण लोडवर आला, ते हेच.

दमटपणाचं पण महत्त्वाचं बोललात. खारघरला २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात उन्हानं १४ माणसं दगावली, तिथं काय ४३ नव्हतं, ३८ च्या आसपास होतं, आणि लोक बसून होते. सोलापूरकर ३८ ला स्वेटर काढायचा का म्हणतात, पण दमट हवेत घाम वाळत नाही, मग ३८ पण पुरतो. बंद पत्र्याच्या जिममध्ये पंधरा जणांचा घाम साठला की तिथली हवा सोलापूरची राहत नाही.

कुंभारवेस_बॉय
मामा भारी. माझा कांदा मागं घेतो का मग?

नाईटड्युटी_मेडिसिन
कांदा खिशात ठेवून काही होत नाही, भाकरीबरोबर खा. पंचा मात्र ठेव, तो ओला करून मानेला गुंडाळ, हेल्मेट काढायचं नाही हां त्यासाठी.

सेकंडशिफ्ट_सोलापूर
अपडेट द्यायचं राहिलं होतं. दाखवून आलो. ईसीजी नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल, सीपीके मात्र बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले अजून किडनीवर गेलेलं नाही, आत्ता थांबलास ते बरं झालं, परत दोन दिवसांनी रक्त तपासलं तर उतरायला लागलं होतं. व्यायाम पूर्ण बंद, दुखायच्या गोळ्या बंद, पाणी आणि ओआरएस, आणि सीपीके नॉर्मल आल्याशिवाय लेग डेचं नाव काढायचं नाही. बीपी उभं राहून आणि झोपून दोन्ही घेतलं, उभं राहिल्यावर बऱ्यापैकी पडत होतं, आता ते पण सुधारलंय.

ट्रेनरला रिपोर्ट दाखवला तर म्हणाला लॅब बदलून बघ. जिम बदलतोय.

कंपनीत एचआरशी बोललो, जूनपर्यंत फर्स्ट शिफ्ट मिळतेय, म्हणजे दुपारी तीनला सुटी. मग जिम संध्याकाळी सातनंतर. आता प्रश्न एवढाच की तीनला घरी यायचं ऊन आहेच, पण तेव्हा व्यायाम झालेला नसेल.

फिटनेस_हॉटगीरोड
लॅब बदलून बघ 🤦 अशा लोकांमुळं आम्ही बदनाम. सातचं चांगलं आहे, फक्त मे महिन्यात पत्र्याखाली सातला पण भट्टीच असते, दिवसभर तापलेला असतो तो. तळमजल्यावरची बघ, नाहीतर स्लॅबखालची. परत चालू करशील तेव्हा पहिला आठवडा नुसतं चालणं आणि हलकं वरचं अंग, दुसऱ्या आठवड्यात पाय, तेही बॉडीवेटवर. सर्किट जुलैत.

प्री-वर्कआउटचं डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं, डब्याच्या मागं बघितलं तर एका स्कूपला ३०० मिलिग्रॅम कॅफिन. माझ्याकडच्या पोरांना सांगितलंय उन्हाळ्यात नको म्हणून.

भरती_१६००
सीपीके वेळेत सापडलं बघ, भारी झालं. आमच्या अकॅडमीत आता सकाळी साडेआठनंतर ग्राउंड बंद केलंय, त्या पोराच्या केसनंतर. बैठकांची शिक्षा पण बंद, आता उशिरा येणाऱ्याला ग्राउंड झाडायला लावतात.

पन्हंवाली_काकू
बरं झालं बाई दाखवून आलास. आंबील चालू ठेव. डॉक्टर एक विचारू का, आमचे हे बीपीची गोळी घेतात, सकाळी, त्यात लघवी होण्याची पण गोळी आहे एकत्रच. उन्हाळ्यात सकाळी फिरून आले की त्यांना अशीच गरगर होते, जास्त करून अंघोळीनंतर. उन्हाळ्यापुरती गोळी बंद केली तर चालेल का? आणि ताकात मीठ घालू का नको त्यांना?

नाईटड्युटी_मेडिसिन
काकू गोळी मनानं बंद करू नका, अजिबात. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, लघवीच्या गोळीनं उन्हाळ्यात पाणी आणि मीठ दोन्ही जास्त जातं आणि बीपी फार खाली येऊ शकतं. आठवडाभर फिरून आल्यावर आणि अंघोळीनंतर, उभं राहून बीपी घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन ज्यांनी गोळी दिलीय त्यांच्याकडे जा, ते डोस कमी करतील नाहीतर बदलतील. कडक गरम पाण्यानं अंघोळ नको, फिरायला सहाच्या आत, आल्यावर अर्धा तास बसून मग अंघोळ. ताकात नेहमीपेक्षा जास्त मीठ नको, आणि ओआरएस तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. गरगरताना पडले किंवा बोलण्यात फरक वाटला तर मात्र बीपीच्या कागदाची वाट न बघता सरळ घेऊन या.